दर्या दौलत आणि आमचा लाकडी मंडप

श्रीरंगपट्टणला जाणारे आपल्याकडचे लोक गुंबजवर फातिहा पढतात, टिपू सुलतान शहीद झाले ती जागा बघतात आणि म्हैसूरची वाट धरतात. दर्या दौलत बागेच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. मला विचाराल तर उलट करावं. दिवस इथे घालवावा.

टिपू सुलतानांनी १७८४ मध्ये कावेरीकाठच्या बागेत बांधलेला हा उन्हाळी महाल. महाल म्हटलं की डोळ्यांसमोर दगड येतो. हा बहुतांशी सागवानी आहे. चौथऱ्यावर उभा, चारी बाजूंनी ओसरी, उंच लाकडी खांब, त्यांवर महिरपी. आत वेलबुट्टी, बाहेरच्या भिंतींवर चित्रं. उन्हाने रंग उडू नये म्हणून ओसरीला पडदे सोडलेले असतात, त्यामुळे आत शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो.

पश्चिमेच्या भिंतीवर पोलिलूरची लढाई आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी हैदरअली आणि टिपू यांच्या फौजेने कर्नल बेलीच्या इंग्रजी तुकडीचा धुव्वा उडवला, त्याचं हे चित्र. लाल डगलेवाल्यांचा चौकोन, मध्ये पालखीत जखमी बेली आणि स्फोट झालेला दारूगोळ्याचा गाडा. एका राजाने आपला विजय आपल्या बागेतल्या भिंतीवर रंगवून घेतला, यात नवल नाही. नवल पुढे आहे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि या महालात राहायला आला कर्नल आर्थर वेलस्ली. असईच्या लढाईमुळे मराठी माणसाला ठाऊक असलेला तोच. भिंतीवरची चित्रं तेव्हा खराब झालेली होती. ती त्याने दुरुस्त करून घेतली. पुढे रंग पुन्हा गेले, तेव्हा लॉर्ड डलहौसीने १८५० च्या दशकात एका देशी चित्रकाराकडून ती परत रंगवून घेतली. म्हणजे इंग्रजांच्या पराभवाचं चित्र इंग्रजांनीच दोनदा जपलं. त्यांचं मन मोठं होतं असं मी म्हणणार नाही. जिंकलेल्याला हरल्याची आठवण परवडते, एवढंच. पण चित्र राहिलं हे खरं.

बाकीच्यांचं नशीब तसं नव्हतं. त्याच बेटावरच्या लालबागेतली सुरूची झाडं १७९२ च्या वेढ्यात मोर्चे बांधण्यासाठी तोडली गेली. (त्या वेढ्यात कॉर्नवॉलिसबरोबर निजामाची फौज होती आणि हरिपंत फडक्यांची मराठी फौजही. हे आपण सहसा विसरतो, दोन्हीकडचे.) टिपूंच्या मोडलेल्या महालाचं लाकूड डोंगर चढून उटीला गेलं. तिथल्या सेंट स्टीफन चर्चच्या छताला ते आहे. मी ती तुळई पाहिली आहे. राग यायला हवा होता, आला नाही. निदान कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर धरून उभी आहे.

हे सगळं आता आठवायचं कारण आमच्या गावचा दर्गा. दर्ग्याच्या बागेत, चाफ्याच्या दोन झाडांमध्ये, एक लाकडी मंडप आहे. सागाचे सहा खांब, वर कडीपाट, त्यावर कौलं. उरुसाला कव्वाल इथेच बसतात, एरवी म्हातारी माणसं आणि अभ्यासाला येणारी पोरं. दोन खांबांना खालून वाळवी लागली आहे आणि कमिटीतल्या काहींना सगळं पाडून स्लॅब टाकायचा आहे. वर टाइल्स, आत पीओपी. गावातल्या मशिदीचं हेच झालं. माझ्या दादांनी ज्या लाकडी खांबाला टेकून कुराण पढलं, तो कुठल्या हॉटेलात गेला कोणास ठाऊक.

आपल्याकडे तक्रार असते की आपला वारसा कोणी जपत नाही. तक्रार खोटी नाही. पण कमिटीत बसून जो हातोडा आपणच मागवतो, त्याचं काय?

मी तालुक्याच्या सुतारअण्णांना घेऊन गेलो. त्यांनी खिळ्याने खांब टोचून पाहिले. म्हणाले, "वर लाकूड लोखंडासारखं आहे, सर. फक्त बुंध्याला ओल धरली. तळखड्याभोवती तुमच्या लोकांनी सिमेंट ओतलंय ना, पाणी तिथंच मुरतं." उपाय त्यांनी सोपा सांगितला: मंडपाला टेकू द्यायचा, सिमेंट फोडायचं, खांबाचा कुजलेला दीड फूट कापायचा आणि तिथे जुन्याच सागाचा तुकडा सांधून बसवायचा. लाकूड पाडलेल्या वाड्यांचं मिळतं.

"सांधा दिसेल का?" खजिनदार चाचांनी विचारलं.

"दिसणारच. लपवायला कशाला पाहिजे?"

चाचांना ते फारसं पटलेलं नाही. पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलायची, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालंय. खांबांचं बकरीदनंतरच्या बैठकीत ठरेल.