भारमान

वस्तीची गाडी पहाटे सुरू झाली की सगळी वाडी कूस बदलते. ड्रायव्हर इंजिन घुरघुरत ठेवून कुणाच्या तरी ओटीवर चहाला जातो. कंडक्टर रात्रीची वळकटी बांधून सीटखाली सारतो. तेवढ्या अवधीत चुली पेटतात, डबे भरतात, वेण्या घातल्या जातात. पावसच्या सड्यावरून रत्नागिरीला कॉलेजात जाणाऱ्या पोरांना गजर लावावा लागत नाही. दारात चारचाकी नाही, बाबांची मोटारसायकल बागेत जाते, तेव्हा जायचं ते एसटीनंच.

रस्ता वीसेक किलोमीटरचा, पण त्यात काय काय भरलेलं! कलमांच्या बागा, जांभ्याचे गडगे, पावसाळ्यात काळ्या कातळावर उगवणारी इवली निळी-जांभळी फुलं. गोळप गेलं, फणसोप आलं, की गाडीत उभं राहायलाही जागा उरत नाही. मासळीची पाटी, दवाखान्यात निघालेली आजी, कोर्टाच्या तारखेला चाललेले दोन भाऊबंद (एकमेकांकडे पाठ करून, पण एकाच दांडीला धरून) आणि त्यांच्या मधोमध जर्नल छातीशी धरलेली पोर. आषाढात छप्पर नेमकं खिडकीच्या सीटवरच गळतं. त्या सीटवर बसण्यासाठी वर्षभर भांडणारे तेव्हा फार उदार होतात. "बस गो बाय, तू बस."

मग उतार लागतो आणि डाव्या हाताला भाट्याचा समुद्र, सुरूचं बन. रोजचाच समुद्र, तरी मोबाइलमधली मान तिथे एकदा वर होतेच. पुढे काजळीच्या खाडीवरचा पूल. पूल नव्हता तेव्हा इथून राजिवड्याला तरीनं जावं लागे. त्या पिढीची माणसं आम्हाला ऐकवतात, "तुमचं बरं आहे, दारात गाडी येते." बरं आहेच. गाडी आली तर.

स्टँडवर उतरलं की वाटा फुटतात. गोगटे-जोगळेकर कॉलेजची मुलं चालू लागतात. 1945 सालापासून हे कॉलेज असल्यानं जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथला. मिरजोळ्याच्या इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र पुढे शहर बस गाठायची असते.

विद्यार्थ्याच्या पासाला तिकिटाच्या तीन हिश्शांतला एकच हिस्सा भरावा लागतो. मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटी फुकट. गावातल्या मुली दहावीनंतरही शिकल्या, त्यात या पासाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. भाषणांचा तेवढा नसावा. बारावी झाली की मात्र हा फुकट पास संपतो. घरात मार्कांचे पेढे वाटून झाल्यावर त्याच संध्याकाळी पासाच्या पैशांचा विषय निघतो.

आणि खरी निवड तर गाडीचं वेळापत्रकच करतं. सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारची, कधी साडेपाचपर्यंत लांबणारी. त्यानंतरची गाडी अंधारात वाडीच्या फाट्यावर सोडणार. तिथून पाखाडीची वाट, बॅटरीच्या उजेडात. मुलाला घरचे म्हणतात, "ये चालत." मुलीसाठी मात्र आर्ट्सचा फॉर्म आणतात. हुशार मुलीनं कॉमर्स का घेतलं, असं पाहुणे विचारतात. त्यांना तिची आवड जाणून घ्यायची असते. तिला दुपारी एकची गाडी हवी असते.

2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कामगारांचा संप लागला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. कोविडनंतर कॉलेजं नुकती उघडत होती. कुणी शहरात खोली घेतली, कुणी वडापच्या जीपला मागे लोंबकळलं, कुणी ओळखीच्या टेंपोत बसलं. काहींनी त्या वर्षी नाव काढलं, ते पुन्हा घातलं नाही. कामगारांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण फाट्यावर उभ्या राहिलेल्यांचं म्हणणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

आता सगळं भारमानावर येऊन ठेपतं. सीटांच्या मानानं माणसं किती, याचा तो हिशेब. सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि दुपारच्या फेरीला आठ-दहा टाळकी. गाडीचा भरवसा नाही म्हणून लोक हप्त्यानं स्कूटी घेतात. स्कूट्या आल्या म्हणून भारमान पडतं. भारमान पडलं म्हणून फेरी बंद होते. मागे उरतात ते ज्यांना हप्ता झेपत नाही ते. त्यांचं भारमान कुठल्या रकान्यात धरायचं?

म्हणून दर जूनमध्ये आगारप्रमुखांच्या नावानं एक अर्ज होतो. यंदा तो बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला हट्टानं गेलेल्या एका मुलीनं लिहिला. संध्याकाळी सहाची फेरी हवी, प्रॅक्टिकलचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे, एवढंच. सरपंचांनी वाचून पाहिला, 'विनंती'च्या आधी 'नम्र' घालायला लावलं आणि शिक्का मारला. स्टँडवर नेऊन द्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. सकाळच्या गाडीनं ती जाणारच होती.