आवाज मोठा नको, स्पष्ट हवा

वय वाढले की ऐकू कमी येते, हे आपण सारेच जाणतो. परंतु ‘कमी’ म्हणजे नेमके काय कमी येते, याचा विचार सहसा करीत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना ऐकू गेले नाही की आपण स्वतःचा आवाज चढवतो, टीव्हीचा आवाज चढवतो, आणि तरीही उत्तर भलतेच आले तर ‘आता त्यांचे लक्ष नसते’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. या निष्कर्षात त्या व्यक्तीवर केवढा अन्याय होत असतो, हे मागील कार्तिक महिन्यात अकोल्यास माझ्या ज्येष्ठ बंधूंकडे मुक्काम असताना जवळून पाहावयास मिळाले. निमित्त झाले ते त्यांच्या घरातील जुन्या संगणकाचे.

दादांचे वय ७९ वर्षांचे. त्यांनी आयुष्यभर कापसाची अडत केली. दोन्ही मुले नोकरीनिमित्त पुणे व बंगळुरू येथे स्थायिक झाली असून दर रविवारी सकाळी संगणकावर व्हिडिओ कॉल होतो. त्या संगणकावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ चालेल असे ते यंत्र नव्हते. म्हणून धाकट्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली बसवून दिली. संगणक पूर्वीपेक्षा चपळ झाला, चित्र उत्तम दिसू लागले. आवाज मात्र येईना. पुतण्या पुण्यास परतला होता. त्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

बँकेतील नोकरीने एक सवय लावली आहे. तेरीज जुळली नाही की खालचा आकडा बदलायचा नसतो. व्हाउचर, रोजकीर्द, खतावणी असा एकेक टप्पा तपासत फरक शोधायचा असतो. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकली तर दोन्ही बाजू तेवढ्यापुरत्या सारख्या दिसतात, पण चूक जागच्या जागी राहते. लिनक्समधील आवाजाचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे. ब्राउझरसारखा एखादा प्रोग्रॅम आवाज निर्माण करतो. ‘पाइपवायर’ नावाची व्यवस्था सर्व प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून योग्य ठिकाणी पाठवते. त्याखालची ‘अल्सा’ ही व्यवस्था तो ध्वनी-चिपपर्यंत नेते. आणि तेथून तारेवाटे तो स्पीकरमध्ये पोहोचतो. यांपैकी बहुतेक टप्प्यांवर आवाजाची पातळी वेगळी ठरवता येते आणि तो बंदही करता येतो. म्हणून पडद्यावरील कर्ण्याचे चिन्ह चालू दिसत असतानाही खोलीत शांतता असू शकते.

मिंटमध्ये ‘साउंड’ ही खिडकी उघडली की आउटपुट, इनपुट, साउंड्स, ॲप्लिकेशन्स आणि सेटिंग्ज अशी पाने दिसतात. आउटपुटच्या पानावर दोन उपकरणे होती. एक एचडीएमआय, म्हणजे पडद्याकडे जाणारी तार. दुसरे संगणकाचे स्वतःचे ध्वनी-द्वार. संगणकाने पहिले उपकरण निवडले होते. पडद्याला स्पीकर नसल्यामुळे सारा आवाज तेथे जाऊन विरत होता. दुसरे उपकरण निवडले आणि चाचणीचे बटण दाबताच डावीकडून व उजवीकडून पाळीपाळीने आवाज आला. एवढ्याने काम झाले नसते तर टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडून पाहता आले असते. तेथे प्रत्येक मार्गाची उभी पट्टी दिसते. पट्टीखाली इंग्रजी ‘एमएम’ ही अक्षरे असली तर तो मार्ग बंद आणि ‘ओओ’ असली तर खुला असतो. ‘एम’ ही कळ दाबली की स्थिती बदलते.

आवाज आला, म्हणून घरात समाधान पसरले. रविवारी कॉल लागला. दादा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आवाज तं येते रे, पण शब्द नाही समजत.”

वहिनींनी लगोलग आवाज वाढवला. मिंटच्या सेटिंग्जमध्ये कमाल आवाजाची मर्यादा १०० टक्क्यांपुढे १५० टक्क्यांपर्यंत नेता येते. परंतु शंभराच्या पुढची ही वाढ केवळ आकड्यांचा गुणाकार असतो. ध्वनीच्या लहरीचे शिखर मावेनासे झाले की ते छाटले जाते आणि आवाज फाटतो. दादांनी कपाळाला आठ्या घातल्या. फरक उचंत खात्यात टाकण्याचाच हा प्रकार होता.

खरे कारण कानाच्या स्वभावात आहे. तरुण व निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वय वाढते तशी ही क्षमता उंच स्वरांच्या बाजूने घटू लागते. आपल्या बोलण्यातील अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, च, त, ठ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीतील क्षीण ध्वनींवर अवलंबून असते. म्हणून वृद्धाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पाच’ आणि ‘पास’ एकसारखे वाटतात. सरसकट आवाज वाढवला की आधीच जोरकस असलेले स्वर अधिक मोठे होतात आणि बिचारी व्यंजने त्यांच्याखाली दडपली जातात.

यासाठी ‘ईझी इफेक्ट्स’ नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतला. त्यात इक्वलायझर आहे, म्हणजे ध्वनीच्या प्रत्येक पट्टीची पातळी स्वतंत्रपणे ठरवण्याची सोय. २५० हर्ट्झखालच्या पट्ट्या थोड्या उतरवल्या, २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्या पाच-सहा डेसिबलने चढवल्या आणि एकूण आवाज शंभराच्या आत आणला. नातीला फोन करून काही शब्द सुटे सुटे म्हणावयास सांगितले : सात, साठ, पाच, पास, शाळा, साळा. दादांनी प्रत्येक शब्द परत उच्चारायचा. कोठे अडखळले की पट्टी किंचित वरखाली करायची. तासाभरात त्यांना मानवेल अशी मांडणी सापडली व ती जतन करून ठेवली. इनपुटच्या पानावर मायक्रोफोनही सर्वोच्च पातळीवर होता. तो खाली आणून दादांच्या जवळ ठेवला, तेव्हा पलीकडच्यांना ऐकू जाणारी छताच्या पंख्याची घरघरही कमी झाली.

पुढच्या रविवारी जे घडले, त्यासाठी हा लेख लिहीत आहे. कापूस बाजाराजवळील जुने अडत दुकान विकण्याचा विचार मुलांनी आधीच्या दोन-तीन कॉलमध्ये दादांपुढे मांडला होता. दादांनी मान डोलावली आणि मुलांनी ती संमती समजून गिऱ्हाइकाशी बोलणी सुरू केली. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. परंतु त्या दिवशी तोच विषय निघताच दादांनी विचारले, “इसार किती घेतला? आणि मागच्या खोलीत जो पोरगा दुकान चालवते, त्याचं काय ठरवलं?” तो पोरगा म्हणजे त्यांच्या जुन्या मुनीमजींचा मुलगा. पडद्यापलीकडे क्षणभर कोणी बोलेना. दादांचा विक्रीला विरोध नव्हता. त्या मुलाला जागा सोडण्यासाठी वर्षभराची मुदत मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलांनी ते मान्य केले आणि इसारपत्रात तशी अट घालण्याचे ठरले.

निरक्षर खातेदाराचा अंगठा घेण्यापूर्वी आम्ही बँकेत त्याला कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवीत असू आणि काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकत असू. मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे, हे तेथे गृहीतच असे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मात्र ही काळजी घेण्याचे आपल्या मनातही येत नाही.

अमरावतीहून अकोल्यास जाताना वाटेत मूर्तिजापूर लागते. यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला येथूनच सुटत असे. कापूस वऱ्हाडचा, प्रवासी वऱ्हाडचे. पण रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या इंग्रजी काळातील खाजगी कंपनीकडे राहिली आणि आपली रेल्वे त्यांच्या वापराचा मोबदला देत राहिली. बंदिस्त संगणक प्रणालीत बसताना मला त्या रुळांची आठवण होते. मुक्त प्रणालीचे तसे नाही. अल्साचे काम यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रॅमरने १९९८ मध्ये सुरू केले. पाइपवायर विम टायमन्स यांनी रचले आणि २०२४ च्या मिंट २२ पासून ते त्या प्रणालीत मूळचेच येते. दोन्हींची संहिता कोणालाही पाहता व बदलता येते. तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नवे उपकरण जोडले की कधी आउटपुटची निवड आपोआप बदलते आणि तक्रार घेऊन जाण्यासाठी जवळ सेवा केंद्र नसते. म्हणून दादांच्या मांडणीचा तपशील एका कागदावर लिहून मी तो संगणकाच्या बाजूला चिकटवून आलो.

वाचकांनी एवढे जरूर करावे. ही मांडणी श्रवणयंत्राची जागा घेऊ शकत नाही. साठीनंतर ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. हेडफोन वापरत असल्यास आवाज बेताचाच ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला आहे, त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने घटते. आणि घरात काही महत्त्वाचे ठरवायचे असेल तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बसून सावकाश बोलावे आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून एकदा ऐकावे.