आठ बोल्टांचा घसारा

स्पोर्ट्‌स कारबद्दल मी चार शब्द लिहावेत, हे जन्मभर वरणभात खाल्लेल्या माणसाने सुक्या बोंबलाच्या चटणीवर अधिकारवाणीने बोलण्यापैकी आहे. माझी वाहनविषयक कारकीर्द एका सायकलीने सुरू झाली आणि एका स्कूटरवर संपली. ती स्कूटर रोज सकाळी एका अंगावर कलती केल्याशिवाय आणि तिच्याशी दोन शब्द प्रेमाचे बोलल्याशिवाय सुरू होत नसे. पण देवाने आम्हाला चिरंजीव दिले, चिरंजीवांना अमेरिका दिली आणि अमेरिकेने त्यांना ही गाडी दिली.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता न्यू जर्सीला गेलो, तेव्हा गॅरेजातल्या एका आच्छादनाखालून चिरंजीवांनी ती बाहेर काढली. पोर्शे बॉक्स्टर, २००१ सालची. आपल्याकडे बावीस वर्षांच्या गाडीला लोक विकायला काढतात, तिकडे विकत घेतात. आमच्या हिने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पहिला प्रश्न विचारला,

"अरे, मागे कोण बसणार?"

"मागे इंजिन बसतं, आई."

हे अक्षरशः खरं आहे. या गाडीत दोन माणसं बसतात आणि त्यांच्या पाठीशी, जिथे एरवी सासूसासरे बसायचे, तिथे इंजिन बसवलेलं असतं. एकत्र कुटुंबपद्धतीवर इतका सरळ हल्ला मी तरी दुसऱ्या कोणत्या यंत्रात पाहिलेला नाही.

तर या गाडीचे ब्रेक करायचे होते. तिकडे मजुरी इतकी महाग आहे, की आठवडाभर इंजिनियर असलेली माणसं शनिवारी मेकॅनिक होतात. आपल्याकडे मेकॅनिक पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंजिनियर करतो. तो मुलगा तिकडे जातो आणि शनिवारी पुन्हा मेकॅनिक होतो. एकूण हिशेब जुळतो.

ब्रेक म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण मलाही ते त्याच दिवशी कळलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडाची एक थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ती थाळी दोन्ही बाजूंनी धरणारी एक सांडशी असते, तिला कॅलिपर म्हणतात. पाय दाबला की सांडशी थाळीला घट्ट धरते आणि गाडी थांबते. चालत्या गाडीचा सगळा जोर उष्णता होऊन त्या थाळीत उतरतो. चिरंजीवांनी कागदावर आकडे मांडून दाखवले : दोन माणसांसकट चौदाशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरच्या वेगावरून एकदा थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यावर दीड-पावणेदोन लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे एका ब्रेकमागे दहा-अकरा कप चहा. घाटातून उतरणारी गाडी म्हणजे फिरतं अमृततुल्य, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

आणि ही सांडशी गाडीला धरलेली असते अवघ्या दोन बोल्टांनी. चार चाकांचे मिळून आठ.

डिस्क बदलायची तर कॅलिपर सोडवावा लागतो. सोडवला की तो रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने वर बांधून ठेवायचा. तसे ते चार कॅलिपर सलाईन लावलेल्या रोग्यांसारखे दिसत होते. इथवर सगळं मला मान्य होतं. पण मग चिरंजीवांनी काढलेला पहिला बोल्ट माझ्या देखत कचऱ्याच्या डब्यात फेकला, आणि 'टण्‌' असा जो आवाज झाला तो माझ्या काळजात झाला.

इथे वाचकांना आमचं घराणं समजावून सांगितलं पाहिजे. आमच्यात बोल्ट टाकत नाहीत. वडिलांच्या वेळचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुण्याच्या घरात माळ्यावर आहे. त्यात खिळे, चुका, वॉशर, आणि ज्यांचं मूळ आता कोणालाच सांगता येणार नाही असे नटबोल्ट आहेत. स्कूटर दुरुस्त करून आणली की मिस्त्री हातावर दोन नट ठेवून "हे उरले" म्हणायचा. ते त्यात जायचे. ते कुठून उरले, हा प्रश्न विचारण्याची आमच्या पिढीला पद्धत नव्हती. हार्डवेअर म्हणजे आमच्या लेखी रविवार पेठेतली बोहरी आळी, आणि तिथेही आम्ही जायचो ते डबा उपसून झाल्यावरच.

मी डब्यातून तो बोल्ट बाहेर काढला. पुसला. चांगला होता हो! किंचित गंज, पण आटे शाबूत. हा कशासाठी टाकायचा?

"बाबा, कारखान्याचा तसा नियम आहे. कॅलिपर काढला की बोल्ट नवे."

"का?"

"तसं पुस्तकात आहे."

जर्मन माणूस नियम सांगतो, कारण सांगत बसत नाही. पण मी छत्तीस वर्षं लेखा विभागात काढलेली आहेत. कारणाशिवाय मी पाव आणासुद्धा कधी खर्ची टाकू दिलेला नाही. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर चिरंजीवांना कारण सांगणं भाग पडलं.

बोल्ट म्हणजे खुंटी, अशी माझी समजूत होती. तसं नाही. बोल्ट म्हणजे पायजम्याचं इलॅस्टिक. आवळला की तो केसभर ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर यायला पाहतो म्हणून दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून ठेवतो. त्या दाबामुळे कॅलिपर जागचा हलत नाही. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. मला आधी ते मुदत ठेवीवरच्या व्याजाचे दर वाटले. पण १०.९ मधल्या दहाचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर किलोची ओढ तो सोसतो. पुढच्या नऊचा अर्थ, त्या ताकदीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणलात तर सोडल्यावर तो पुन्हा होता तसा होतो. त्याच्या पुढे ताणलात तर लगेच तुटत नाही, पण परतही येत नाही. बाहेरून मात्र तोच. इलॅस्टिक सैल झालेला पायजमा कपाटात घडी करून ठेवला तर कुठे ओळखू येतो? त्याची परीक्षा पाहुण्यांसमोरच व्हायची.

या गाडीचे बोल्ट ८५ न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. मीटरभर दांड्याच्या टोकाला पावणेनऊ किलोंचं गाठोडं टांगलं तर जेवढा पीळ पडेल, तेवढा. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. नेमका पीळ झाला की तो 'कट्ट' असं म्हणतो. मात्र त्या पिळातले शंभरातले जेमतेम दहा भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतात. बाकीचे नव्वद आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातात. सरकारी रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात, असं राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते. बोल्टाची स्थिती त्याहून बिकट. आणि गोम इथेच आहे. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने आटे गंजतात, घर्षण वाढतं. मग पाना वेळेवर 'कट्ट' म्हणतो, पण बोल्ट हवा तेवढा ताणलेलाच नसतो. पाना पीळ मोजतो, पकड मोजत नाही. असे हिशेबतपासनीस मी पाहिलेले आहेत. बेरीज बरोबर आली की सही करून चहाला जायचे.

दुपारी पार्सल आलं. डिस्क आल्या, पॅड आले, पॅडच्या पिना आल्या, स्प्रिंगा आल्या, खडखड होऊ नये म्हणून पिस्टनात बसवायच्या चकत्या आल्या. बोल्ट आले नाहीत. ते निराळ्या खोक्यातून मंगळवारी येणार होते. या सगळ्याचे जे डॉलर झाले त्यांचे मी मनात रुपये केले आणि मनातच ठेवले.

आता अडचण अशी, की दुसऱ्या दिवशी रविवारी हिचा पासष्टावा वाढदिवस होता. चिरंजीव आईला या गाडीतून समुद्रावर नेणार होते, छत उघडं टाकून. हिने त्यासाठी डोक्याला बांधायचा रुमालसुद्धा काढून ठेवला होता. संध्याकाळी चार चाकं काढलेल्या त्या गाडीजवळ मुलगा बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला,

"बाबा, एका दिवसापुरते जुनेच बसवू या का? दिसताहेत तर चांगले."

आठही बोल्ट मी एव्हाना डब्यातून काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेले होते. गंमत पाहा. चाळीस वर्षं या मुलाने माझ्या डब्याची चेष्टा केली, आणि आज तो तोच प्रश्न मला विचारत होता ज्याचं उत्तर आमच्या घराण्यात सर्वांना पाठ आहे. शिवाय ते बोल्ट खरोखरच चांगले दिसत होते. पण बावीस वर्षांत किती मालकांनी, किती वेळा, किती जोर लावून ते पिळले याचं एकही व्हाउचर आमच्याजवळ नव्हतं. आणि उजव्या सीटवर ही बसणार होती.

"घसारा धर," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"टेबल नवं दिसतं म्हणून आपण त्याची किंमत पहिल्या वर्षाचीच लावतो का? घसारा डोळ्यांना दिसत नाही. तो धरायचा असतो."

ही दारात उभी राहून ऐकत होती. "एवढं कशाला ते?" ती म्हणाली. "कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उडाला की तोच ठोकून परत बसवतो का आपण? चला, हात धुवा. पानं वाढलीत."

रविवारी आम्ही सूनबाईंच्या मोठ्या गाडीतून समुद्रावर गेलो. चौघंही. मागे इंजिन नव्हतं, आम्ही होतो. पुढे डबा, सतरंजी, छत्री. हिला म्हणे असंच हवं होतं. हे तिने आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही.

मंगळवारी बोल्ट आले. कोरे करकरीत, कागदात गुंडाळलेले. सात चिरंजीवांनी आवळले. आठवा त्यांनी मला आवळू दिला. मी दोन्ही हातांनी ओढलं आणि पाना 'कट्ट' म्हणाला. मग रुमाल बांधून ही निघाली. पहिल्या वळणाच्या आधी गाडीचे मागचे दिवे लागले, आणि गाडी थांबली. अगदी सरळ, आवाज न करता. मी मोजलं नाही, पण दोनेक कप चहा झाला असेल.

जुने आठ कुणी पुन्हा गाडीला लावू नयेत म्हणून चिरंजीवांनी करवतीने त्यांचे आटे चिरून टाकले आणि मगच माझ्या हवाली केले. ते मोठ्या बॅगेतून पुण्याला आले. डब्यात मात्र गेले नाहीत, कारण हिने मधल्या मध्ये ताब्यात घेतले. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि सांडगे घातले, की दोन जुनी पातळं पसरावी लागतात आणि त्यांच्या कोपऱ्यांवर आजवर विटांचे तुकडे असत. दोन पातळांचे कोपरे आठ. परवा वळवाचं वारं सुटलं तेव्हा शेजारच्यांचे पापड आमच्या अंगणात आले. आमचं पातळ जागचं हललं नाही.