ग्रॅनाइटच्या देशातून काळ्या पाषाणाकडे

डोंगरवाटेचं मोल उंचीवर ठरवायची आपली सवय मला पटत नाही. स्कॉटलंडमधल्या अरन बेटावरचा गोट फेल 874 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त. तरीही त्याच्या धारा चांगल्या चालणाऱ्याला दमवतात, आणि याचं कारण तिथला ग्रॅनाइट. जमिनीखाली सावकाश थिजल्यामुळे त्याचे स्फटिक भरड राहिले, म्हणून पायाला पकड मिळते. पण तो भेगांवर तुटतो, शिळांच्या राशी रचतो आणि प्रत्येक पाऊल निवडायला लावतो. आपला काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातल्या टेकड्या सपाट माथ्याच्या आहेत, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांच्या. शिखर नाही, पण लांबवर चालता येईल असा माळ आहे. काटेपूर्णा याच जिल्ह्यातून उत्तरेला पूर्णेकडे जाते, अडाण आणि अरुणावती पैनगंगेकडे. तापीकडे जाणारं आणि गोदावरीकडे जाणारं पाणी वेगळं करणारा जलविभाजक असा साध्या माळरानावरून जातो.

बंजारा समाजाची काशी मानलं जाणारं पोहरादेवी याच मुलखात आहे. समाजाचे संत सेवालाल महाराज यांचा जन्म 1739 साली आंध्रातल्या गुत्तीजवळचा मानला जातो, आणि समाधी इथे. गुत्तीचा किल्ला ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर उभा आहे, दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुन्या खडकावर. मीठ आणि धान्याच्या गोण्या लादलेल्या बैलांचे बंजारा तांडे अशा दोन्ही मुलखांतून चालत. शिळांच्या राशीवरून लादलेला बैल जात नाही, त्याला वळसाच घ्यावा लागतो. काळ्या पाषाणाच्या माथ्यावर मात्र अख्खा तांडा चरत-चरत पुढे सरकू शकतो. खालच्या काळ्या मातीत पावसाळ्यात खूर रुततात, वर मुरूम पाय धरतो.

यावर कोणी म्हणेल की सह्याद्रीही काळ्या पाषाणाचाच, मग तिथले कडे इतके उभे का? तिथे पठाराची कड तुटली आहे आणि मुसळधार पाऊस ती कोरत आला आहे; इथे तशी तुटलेली कड नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तांडे कुठे जायचे हे बाजार आणि फौजांच्या छावण्यांनी ठरवलं, खडकाने नव्हे. हे मला मान्य आहे. 1867 साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांवर माल लादून नेण्याची लदेणी मोडत गेली, तेव्हा डोंगर काही बदलले नव्हते. पण मुक्काम बाजाराने ठरवला तरी दोन मुक्कामांमधली वाट बैलाचा खूर आणि खडक मिळूनच ठरवत, आणि तीच नोंदवायची राहून गेली आहे. रामनवमीला आजही माणसं पायी पोहरादेवीला येतात, बहुतेक डांबरी रस्त्याने. 2024 साली इथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. तिथे लदेणीच्या वाटांचा नकाशा हवा. तांड्यांतल्या जाणत्यांना पाणवठे आणि उतार विचारून, ते पायाखाली घालून तपासून काढलेला. या टेकड्या चढायला सोप्या होत्या म्हणूनच त्यांच्यावरून एवढी माणसं आणि एवढं मीठ गेलं.