टेबलावरचे रान

चाळीसगाव स्थानकाजवळच्या बंगल्यात कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी सुमारे ५० वर्षे एकांतवासात काढली. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतलेला हा माणूस चित्रे, शिल्पे, कागदी घड्यांची ओरिगामी यांत रमला. परंतु त्यांचे नाव झाले ते ‘टेबल टॉप’ छायाचित्रांमुळे. टेबलावर साध्यासुध्या वस्तूंचा देखावा रचायचा, प्रकाश बेताने टाकायचा आणि कॅमेरा देखाव्याच्या पातळीवर आणायचा. मग हातभर जागेत रान उभे राहते.

ती छायाचित्रे पाहताना मला वडील आठवले. चाळीसगावहून धुळ्यास रेल्वेचा फाटा जातो. माझे बालपण त्या टोकाला गेले. नाताळचा गोठा वडील घरीच करीत. बाभळीच्या काटक्या, रंगविलेला भुसा, शेतातला कापूस, तळ्यासाठी आरशाचा तुकडा. कंदिलाला निळा कागद लावून ते रात्र आणीत. “खाली बस, मेंढराच्या डोळ्यांनी बघ,” म्हणत.

नोकरी लागताच मी मुंबईहून प्लास्टरचा तयार गोठा आणला. शेजाऱ्यांनी वाखाणला. वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी भुशाचा डबा माळ्यावर ठेवला. पुढच्या नाताळात तो खाली काढा, असे मी त्यांना म्हणालो नाही.