फिगर क्रमांक 2023

आलेखावर क्लिक करता येतं! नुसतं लहान-मोठं करणं नव्हे. पावसाच्या एखाद्या काडीवर माउस दाबला की ती काडी कोणत्या तारखेची आणि त्या दिवशी किती मिलिमीटर पडला, हे आलेखच सांगतो. शाळेत आलेख म्हणजे आलेखवही, टोक केलेली पेन्सिल आणि कोपऱ्यात लिहिलेलं ‘प्रमाण’. पुढे एक्सेल आलं, तिथंही आलेख काढायचा, छापायचा, फायलीला लावायचा, विषय संपला. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीने माझी ही समजूत पार मोडून काढली आहे आणि सध्या मी भेटेल त्याला धरून हेच ऐकवतोय. आता पाळी तुमची.

मी चारठाण्याचा. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. बाहेरची माणसं इथं येतात ती जुनी देवळं, नक्षीचा उंच दगडी स्तंभ आणि बारव पाहायला. गावात एकेकाळी 360 देवळं नि तितक्याच विहिरी होत्या, असं म्हातारी माणसं सांगतात. आमची नजर मात्र वर, आभाळाकडे. सोयाबीन, तूर, कापूस, सगळा खेळ पावसाचा. चारठाणा हे महसूल मंडळ, त्यामुळे मंडळाचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर बघायला मिळतो. आणि हा आकडा काही नुसता माहितीपुरता नसतो. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी; मग पंचनामे, मग मदत. 64 वर थांबला तर शेतातलं पाणी तेवढंच, पण कागदावर काहीच नाही. आणि 2024 पर्यंत ऐन हंगामात 21 दिवसांचा खंड पडला की पीकविम्याच्या आगाऊ रकमेची बोलणी सुरू व्हायची. हॉटेलात चहा पिताना निम्मे वाद या दोन आकड्यांवरून होतात, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं आलेखात मांडू.

दर वर्षाचा वेगळा आलेख, पुन्हा जून-जुलैचा वेगळा, खंडांचा वेगळा. बघता बघता पडद्यावर खिडक्यांचा ढीग झाला, आणि मॅटप्लॉटलिबनेच बजावलं: वीसपेक्षा जास्त फिगर उघड्या आहेत, तुम्ही स्वतः बंद करेपर्यंत त्या स्मरणात राहतात, मेमरी खातील. ही सूचना वाचताना माझ्या डोक्यात दिवा पेटला. ‘स्मरणात राहतात’ म्हणजे कुणीतरी त्या सांभाळतंय! पायप्लॉट नावाचा भाग प्रत्येक फिगरची नोंद ठेवतो, नंबर देऊन. गेट-फिगनम्स विचारलं की उघड्या फिगरींच्या नंबरांची यादी हातात. आणि खरी गंमत पुढेच आहे. तो नंबर आपण ठरवू शकतो. 1, 2, 3 च पाहिजे असं कुठं लिहिलंय? मी वर्षच नंबर म्हणून दिलं. पीएलटी (पायप्लॉटचंच छोटं नाव) डॉट फिगर, कंसात 2023. ती फिगर नसेल तर नवी तयार होते, असेल तर तीच चालू फिगर होते. पुढे शो म्हटलं की खिडकी समोर. तलाठ्याला गट क्रमांक सांगितला की सातबारा निघतो, तसं वर्ष सांगितलं की पाऊस निघतो. क्लोज म्हणून कंसात 2019 लिहिलं की फक्त 2019 ची खिडकी मिटते, बाकीच्यांना धक्का नाही. ‘ऑल’ म्हटलं की पाटी कोरी. नंबराऐवजी नावही चालतं, अगदी मराठी. माझी एक फिगर ‘खंड’ या नावानेच हाक ऐकते.

इथं एक फरक ध्यानात आला की पुढचं सगळं सरळ होतं. फिगर म्हणजे अख्खा कागद, अ‍ॅक्सीज म्हणजे त्या कागदावरची एकेक चौकट. सबप्लॉट्स म्हटलं की दोन्ही हातात येतात, त्यांना नावं देऊन ठेवायची आणि पुढची कामं त्यांनाच सांगायची: या चौकटीत 65 वर लाल आडवी रेघ मार, त्या चौकटीला शीर्षक दे. ‘आत्ता चालू कोणती’ या भानगडीत पडायचं कारणच उरत नाही. आणि सुरुवातीला आयऑन म्हणून इंटरॅक्टिव्ह पद्धत चालू केली की खिडकी उघडी असतानाही खाली आज्ञा देता येतात. नाहीतर शो म्हटल्यावर प्रोग्रॅम तिथंच ठिय्या देतो, खिडक्या बंद करेपर्यंत पुढची ओळ घेत नाही. आयऑननंतर मी ओळ लिहितो आणि रेघ माझ्यासमोर उमटते!

आता क्लिकची आतली गोष्ट. फिगरच्या कॅनव्हासला एमपीएल-कनेक्ट करून सांगायचं, की माउसचं बटण दाबलं गेलं की माझं हे फंक्शन चालव. मी दाबलं आणि उत्तर आलं 19584.2. ही कसली तारीख? मॅटप्लॉटलिब तारखा मोजतं ते 1 जानेवारी 1970 पासूनच्या दिवसांत. जवळच्या पूर्णांकावर आणायचं, नम-टू-डेट म्हणायचं, की 15 ऑगस्ट 2023. भारतात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो हाच. त्या महिन्यात माझ्या आलेखावर क्लिक करायला काड्याच नाहीत, नुसती तळाची रेघ. त्याच्या शेजारी 2024 ची फिगर उघडायची आणि सप्टेंबरचे पहिले दोन दिवस बघायचे, जेव्हा परभणी-हिंगोलीकडे आभाळ फाटलं होतं. दोन खिडक्या, दोन वर्षं, एकच शिवार. सरासरीचा आकडा ऐकून हे कधीच कळलं नसतं.

हे सगळं केलं कुणी, म्हणून शोधलं. जॉन हंटर नावाचा अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ, शिकागोचा. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतून येणारे विद्युत संकेत त्याला पडद्यावर मागेपुढे सरकवत बघायचे होते, आणि गटाकडे महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना एकच. म्हणून त्याने स्वतःचंच लिहायला घेतलं आणि 2003 मध्ये जगाला फुकट दिलं. 2012 मध्ये, 44 व्या वर्षी तो गेला. कृष्णविवराचं पहिलं चित्र 2019 साली आलं, त्याच्या कामातही हीच लायब्ररी होती आणि चारठाण्याच्या पावसालाही हीच. मला तर हे भारीच वाटतं.

पण खरी परीक्षा आबांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. त्यांना जुलै-ऑगस्टशी देणंघेणं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नि म्हणाले, “मघाचा दाखीव. अन् तरण्या-म्हाताऱ्यात किती पडला?” पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. मग मी आडव्या अक्षाच्या खुणाच बदलल्या. पावसाची नक्षत्रं सूर्याची, त्यामुळे दरवर्षी तारखेत फार तर एका दिवसाचा फरक: मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 ला, मघा ऑगस्टच्या मध्याला. तारखांच्या जागी नावं लिहिली आणि पडद्यावर आले नुसते चौकोन. मूळ फॉन्टात देवनागरीच नाही. नोटो सॅन्स देवनागरी लावला, अक्षरं आली, पण जोडाक्षरं सगळी फुटलेली. आर्द्राचा रफार गायब, चित्राची वेलांटी चच्या मागे. माझ्याकडच्या आवृत्तीला अक्षरं जोडायची अक्कल नव्हती. एमपीएल-कैरो नावाचा वेगळा बॅकएंड बसवल्यावर नक्षत्रं सरळ झाली. आबांनी मघावर बोट ठेवलं, मी तिथं क्लिक केलं, 2023. “काईच न्हाई. म्हणलो नव्हतो?” त्यांना लायब्ररीचं कौतुक नाही, आपण बरोबर होतो याचं आहे. चालायचंच.

मग येलदरी धरण. आमच्याच तालुक्यात, पूर्णा नदीवर. उपयुक्त साठा 809.77 दशलक्ष घनमीटर. एका फिगरमध्ये वर मंडळाचा पाऊस आणि खाली येलदरीचा रोजचा साठा लावला, दोघांचा आडवा अक्ष सामाईक ठेवला: शेअर-एक्स, बस, एवढंच. वरच्या चौकटीत दहा दिवस मोठे करून बघितले की खालची चौकट आपोआप त्याच दहा दिवसांवर! आणि तिथं दिसलं की आमच्याकडे थेंब नसतानाही साठा चढतोय. पूर्णा येते अजिंठ्याच्या डोंगरातून, वर बुलढाण्यात खडकपूर्णा धरण आहे, पाणी तिकडचं. म्हणजे “येलदरी भरली, आता काय चिंता” असं म्हणणाऱ्याला आमच्या कोरडवाहू सोयाबीनबद्दल काही ठाऊक नाही, हे मी आता दोन चौकटींत दाखवू शकतो. पाऊस आणि धरण यांची एकत्र बातमी छापणाऱ्यांनी हा आलेख जरूर बघावा.

सध्या स्लायडरचं वेड लागलंय. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. आलेखाखाली एक सरकपट्टी बसवली, 50 पासून 120 पर्यंत. ती सरकवली की त्या-त्या वर्षी तेवढा पाऊस कोणत्या तारखेला पुरा झाला, ती उभी रेघ जूनमध्ये पुढेमागे पळते. 75 वरून 100 वर नेलं की काही वर्षी रेघ जागची हलत नाही, काही वर्षी थेट जुलैत उडी मारते. करून बघणार असाल तर एक सांगतो: स्लायडर बनवला की त्याला एखाद्या नावात धरून ठेवा, फंक्शनच्या आत बनवून सोडून देऊ नका. पायथन त्याला कचरा समजून झाडून टाकतं आणि पट्टी दिसते पण हलत नाही. आबांना आता पट्टी 60 वर हवी आहे, त्यांच्या तरुणपणी तेवढ्यावरच पेरायचे म्हणे.