माळ्यावरची बॅट

परवा पुण्याहून मेव्हण्यांचा फोन आला, "मास्तर, अमेरिकेला जाऊन आलात आणि ब्लॉगवर नायगाऱ्याचं अक्षर नाही!" नायगारा पाहिला, छान आहे. पण मला लिहायचंय ते लॉस एंजेलिसमधल्या एका क्रिकेटच्या मैदानाबद्दल.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं थोरल्याकडे होतो. पहिल्याच रविवारी सकाळी साहेब पांढरे कपडे घालून तयार! वय सत्तेचाळीस, पोट माझ्यावर गेलेलं. म्हणाला, "बाबा, मॅच आहे. येताय?"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. १९९३ साली त्याची दहावी होती. मी मास्तर, त्यामुळे माझा मुलगा नापास होणं सोडाच, त्याला कमी मार्क पडणंही गावाला दिसणार. मी त्याची बॅट माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. "परीक्षा झाली की देतो," म्हणालो. मग बारावी आली, मग इंजिनियरिंग, मग व्हिसा. बॅट राहिली ती राहिलीच. तो कधी काही बोलला नाही. मीही नाही.

तर आम्ही वूडली पार्कला पोचलो. शहराच्या व्हॅन नाइज भागात सेपुल्वेडा नावाचं धरण आहे. पुराचं पाणी साठावं म्हणून त्याच्यामागे मोठी जागा मोकळी ठेवलीय. तिथे क्रिकेटची मैदानं आहेत, एकाला लागून एक. अगदी आपल्या शिवाजी पार्काची आठवण व्हावी.

थोरल्याच्या संघात हैदराबादचे दोघे, लाहोरचा एक टॅक्सीवाला, एक श्रीलंकेचा डॉक्टर, दोन गुजराती आणि आमचा कोकणी. स्कोअर लिहायला जमैकाचे एक आजोबा, माझ्याच वयाचे. मला रिकामा बसलेला पाहून त्यांनी दुसरी वही माझ्या हातात दिली. चौतीस वर्षं हजेरीपट भरलेत मी, चौकटीत टिंब देणं काय अवघड! दर ओव्हरला दोघांच्या वह्या जुळवायच्या. त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण बेरीज जुळली की हसू सारखंच.

त्या आजोबांकडून मला पहिल्यांदा हॉलिवुड क्रिकेट क्लबची हकीकत कळली. मग घरी येऊन वाचत बसलो. ऑब्रे स्मिथ नावाचे इंग्लिश गृहस्थ. १८८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एकच कसोटी खेळले, तीही इंग्लंडचे कर्णधार म्हणून, आणि पहिल्या डावात १९ धावांत ५ बळी घेतले. पुढे नट झाले, हॉलिवुडला गेले आणि १९३२ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी तिथे क्लब काढला. ग्रिफिथ पार्कमधल्या त्यांच्या मैदानासाठी गवताचं बी इंग्लंडहून आणलं होतं म्हणतात. भुताखेतांच्या सिनेमातले बोरिस कार्लोफ तिथे खेळायचे, डेव्हिड निवेन खेळायचे. विनोदी लेखक वुडहाउस सुरुवातीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला होते. लग्नानंतर बायकोला घेऊन दौऱ्यावर निघालेले ब्रॅडमनही १९३२ मध्ये तिथे खेळून गेले.

स्मिथसाहेबांचा एक किस्सा सांगतात. स्लिपमध्ये एक झेल सुटला, तेव्हा त्यांनी खेळ थांबवून बटलरकडून चष्मा मागवला. पुढचा झेलही सुटला. साहेब चष्मा काढून बटलरवरच उखडले, की हा वाचायचा चष्मा आणलास! आमच्या शाळेत असे दोन हेडमास्तर होऊन गेले.

हसू आलं, पण विचारही आला. इतके नामवंत, पैसेवाले लोक, रविवारी उन्हात उभे का राहत असतील? तिथे त्यांना आपण कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नसेल. आठवडाभर परक्यांच्या गावात परक्यांच्या रीतीनं वागायचं, आणि एक दिवस 'नो बॉल' म्हटलं की सगळ्यांना कळतं. आमचा थोरलाही याचसाठी जातो. लाहोरच्या टॅक्सीवाल्याशी तो आपल्या ऑफिसातल्यांपेक्षा जास्त बोलतो. जेवणाच्या सुट्टीत एकच बिर्याणी सगळे खातात. हिनं नेलेल्या थालीपिठांवर पहिला हात त्या लाहोरवाल्याचाच पडला!

पण स्मिथसाहेबांचा क्लब नुसत्या इंग्रजी आठवणींवर टिकला नसता. साहेब १९४८ मध्ये गेले. १९८४ च्या ऑलिम्पिकच्या आधी ग्रिफिथ पार्कमधलं मैदान घोडेस्वारीच्या केंद्रासाठी गेलं, आणि क्रिकेट या वूडली पार्कात आलं. तरी तो क्लब आजही आहे, कारण पुढे वेस्ट इंडीजचे आले, भारताचे, पाकिस्तानचे आले आणि त्यांना आत घेतलं गेलं. ज्या क्लबात नव्या माणसाच्या हातात स्कोअरची वही देतात, तो क्लब मरत नाही.

गंमत पहा. ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आजवर एकदाच झालंय, १९०० मध्ये पॅरिसला. तिथे फ्रान्सच्या नावानं खेळले ते बहुतेक पॅरिसमध्ये राहणारे इंग्रजच. १५८ धावांनी हरले. आता २०२८ मध्ये लॉस एंजेलिसलाच ऑलिम्पिकचं क्रिकेट होणार आहे आणि तो निर्णय झाला २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या बैठकीत.

असो. त्या दिवशी थोरल्यानं अकरा धावा केल्या. वहीत त्या मी माझ्या हातानं लिहिल्या. परतताना गाडीत म्हणालो, "ती बॅट मी द्यायला हवी होती रे." तो समोर बघत म्हणाला, "हो बाबा." एवढंच. एकतीस वर्षांचं बोलणं दोन वाक्यांत झालं.

घरी आल्यावर माळा काढला. बॅट होती, ग्रिप गेलेली. त्याला फोन केला, "पुढच्या खेपेला आणू का?" म्हणाला, "नको, शेजारच्या पोराला द्या. आणि शिडी आपल्याकडेच ठेवा."

पोराची यंदा दहावी आहे. तरी दिली. त्याच्या आईला फारसं आवडलेलं नाही.